पॉवरलूम : एका जोडशब्दाचे मधले पद

पुढील तीन वाक्ये पाहावीत. ‘मालेगावातील पॉवरलूम आठवडाभर बंद राहिले.’ ‘मालेगावातील यंत्रमागधारकांनी आपले माग आठवडाभर बंद ठेवले.’ ‘आठवडाभर माग बंद असल्यामुळे मालेगावातील माग-कामगारांना मजुरी मिळाली नाही.’ व्याकरणदृष्ट्या तिन्ही निर्दोष आहेत आणि तिन्ही एकाच घटनेविषयी असू शकतात. तरीही ती एकच गोष्ट सांगत नाहीत. पहिल्यात यंत्र आपसूक थांबते, दुसऱ्यात ते कोणीतरी थांबवतो आणि तिसऱ्यात ते थांबल्याने कोणाची तरी चूल विझते. वर्तमानपत्रांतून, अहवालांतून आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतून आपल्यापुढे बहुधा पहिले वाक्यच येते.

‘पॉवरलूम’ हा इंग्रजी जोडशब्द मराठी वाक्यात नीट कसा वापरावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हा शुद्धलेखनाचा प्रश्न वाटतो. शब्द जोडून लिहावा की तोडून, त्याचे लिंग कोणते, अनेकवचन कसे करावे, सामान्यरूप घ्यावे की नाही, एवढ्यावर तो मिटायला हवा. पण ज्या गावाचे जगणे दीड शतकाहून अधिक काळ मागाशी बांधलेले आहे, त्या गावात हा शब्द लिहू लागल्यावर असे ध्यानात येते, की व्याकरणाची प्रत्येक अडचण कुठल्या ना कुठल्या ऐतिहासिक घटनेपाशी जाऊन पोचते. म्हणून आधी इतिहास आणि मग व्याकरण असा क्रम येथे ठेवला आहे.

मालेगाव हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, मोसम नदीकाठचे गाव. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास येथे भुईकोट बांधला. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याला वेढा घातला, तेव्हा आतील अरब शिबंदीने दिलेल्या कडव्या झुंजीमुळे गावाचे नाव लष्करी इतिहासात नोंदले गेले. गावाची आजची ओळख मात्र त्यानंतरची आहे. १८५७ च्या उठावानंतरची धरपकड आणि पुढील दुष्काळ यांनी उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे लोटली. आग्रा रस्त्याने उतरत ती जिथे जिथे स्थिरावली, त्यांत मालेगाव हे एक मोठे ठिकाण. त्यांनी आपली भाषा आणली, आपले हत्यार आणले आणि येथील बायका नेसत ती रंगीत सुती लुगडी विणण्यास आरंभ केला. उर्दू बोलणारा विणकर, मराठी व अहिराणी बोलणारी गिऱ्हाईक आणि दोघांच्या मध्ये सूत पुरवणारा व माल उचलणारा व्यापारी, अशी ही तिपेडी वीण होती.

या काळात मराठीला ‘माग’ हा एकच शब्द पुरत होता. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालचीच. तीत माग आहे, पण त्याला ‘हात’ हे विशेषण लावण्याचे कोणाला कारण नव्हते. सगळेच माग हाताने चालत होते. जे सर्वत्र असते त्याला वेगळे नाव लागत नाही. गावात विजेचे दिवे आल्याखेरीज कोणी ‘तेलाचा दिवा’ असे मुद्दाम म्हणत नाही, तसेच हे.

इंग्रजीतही असेच घडले. एडमंड कार्टराइटने यांत्रिक मागाचे पहिले पेटंट १७८५ मध्ये घेतले. ते यंत्र सुधारत सुधारत लँकेशायरच्या गिरण्यांत स्थिरावायला पुढची काही दशके लागली. ते स्थिरावल्यावर जुना माग नुसता माग उरला नाही, तो ‘हँडलूम’ झाला. १८३७ मध्ये ब्रिटनमध्ये हातमाग विणकरांच्या दुरवस्थेची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला, तेव्हा या विणकरांचे वेगळे नाव सरकारी कागदावर पक्के झाले. ते नाव त्यांच्या कौशल्यामुळे मिळाले नव्हते. दुसरा कोणीतरी पुढे निघून गेला होता आणि हे मागे राहिले होते, म्हणून मिळाले होते. नव्या वस्तूमुळे जुन्या वस्तूचे नामकरण व्हावे, हा प्रकार भाषेत सर्रास आढळतो. पण प्रत्येक वेळी त्यात हरणाऱ्याचे नामकरण होत असते, हे सहसा बोलले जात नाही.

महाराष्ट्रात गिरण्यांबाहेरचा पहिला पॉवरलूम विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत बसवला, अशी नोंद आहे. त्यामागे जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे प्रोत्साहन होते. मालेगाव आणि भिवंडीसारख्या गावांत हे यंत्र पसरले ते त्यानंतर, विजेची सोय झाल्यावर. कापडगिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग स्वस्तात मिळत. विजेची छोटी मोटर लावून ते घरालगतच्या पडवीत चालवता येत. डग्लस हेन्स या अमेरिकी इतिहासकाराने १८७० ते १९६० या काळातील पश्चिम भारतातल्या छोट्या गावांच्या कापडधंद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला आहे. त्यातून दिसते ते असे, की हा बदल बाहेरून आलेल्या भांडवलदारांपेक्षा विणकर समाजातल्याच धडपड्या कुटुंबांनी घडवून आणला. म्हणजे मालेगावात हातमाग आणि यंत्रमाग या दोन शब्दांच्या दोन बाजूंना दोन जाती किंवा दोन देश उभे नव्हते. पुष्कळदा एकाच घरातली दोन भावंडे उभी होती.

स्वातंत्र्यानंतर ही सीमारेषा कायद्याने आखावी लागली. कानुनगो समितीने १९५४ च्या अहवालात हातमागांचे टप्प्याटप्प्याने यंत्रमागांत रूपांतर व्हावे असे सुचवले होते. पुढे हातमागाला संरक्षण देण्याचा विचार बळावला आणि १९८५ मध्ये हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा कायदा झाला. आरंभी असे २२ प्रकार होते, नंतर ते ११ वर आले. साडी, धोतर, लुंगी, टॉवेल ही त्यांतली परिचित नावे. शब्दांच्या अभ्यासकाला या कायद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. पॉवरलूम नसलेला कोणताही माग तो हातमाग, अशी तिची मांडणी आहे. मग पॉवरलूम कोणता? कारखाना कायद्यातील अर्थाने जो ‘पॉवर’ने चालतो तो. आणि १९४८ च्या त्या कारखाना कायद्यात ‘पॉवर’ म्हणजे काय? वीज किंवा यंत्राद्वारे वाहून नेलेली अशी अन्य ऊर्जा, जी मनुष्याच्या अथवा जनावराच्या श्रमातून निर्माण झालेली नाही.

ही साखळी उलटीकडून वाचली की मौज दिसते. माणसाची नाही ती पॉवर. पॉवरने चालतो तो पॉवरलूम. पॉवरलूम नाही तो हातमाग. हाताची व्याख्या करताना हात कुठेच आलेला नाही, तो दोनदा नकार देऊन सिद्ध करावा लागला आहे. आणि पॉवरलूमच्या व्याख्येतून तर मनुष्य नाव घेऊन वगळला गेला आहे. वगळलेल्या त्या शक्तीचे माप मात्र आपण अजून घोड्यांत करतो. महाराष्ट्रातील यंत्रमागांच्या वीज सवलतीची चर्चा नेहमी ‘२७ अश्वशक्तीच्या आत’ आणि ‘२७ अश्वशक्तीच्या वर’ या भाषेत चालते. जनावर व्याख्येतून गेले, बिलात उरले. माणूस दोन्हीकडे नाही.

आता व्याकरणाकडे वळू. इंग्रजीतील ‘पॉवर लूम’ ही दोन नामांची जोडी आहे. पहिले नाम दुसऱ्याचे विशेषण म्हणून उभे राहते, अनेकवचनाची खूण फक्त दुसऱ्याला लागते. तेथे ती तोडून, जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन अशा तिन्ही प्रकारे लिहिलेली आढळते. भारतातील सरकारी इंग्रजीने जोडलेले रूप पत्करले आहे. मराठीत तर दुसरा पर्यायच संभवत नाही, कारण आपल्याकडे सामासिक शब्द जोडून लिहिण्याची रीत आहे. ‘पॉवर लूम’ असे तोडून लिहिले, की ‘पॉवर’ हे सुटे नाम होते आणि मराठीत त्या सुट्या नामाला वीज, सत्ता, चष्म्याचा नंबर असे भलतेच अर्थ आहेत. ‘पॉवर गेली म्हणून लूम थांबला’ या वाक्यात ती सुटी हवी. ‘पॉवरलूम थांबला’ या वाक्यात ती जोडलेलीच हवी.

लिंगाचा प्रश्न थोडा अवघड आहे. परभाषेतील नामाला मराठीत लिंग मिळते ते बहुधा दोन वाटांनी. एक वाट अर्थाची. त्या वस्तूला आपल्याकडे आधीपासून जो शब्द असतो, त्याचे लिंग नव्या शब्दाला चिकटते. पेढी होती म्हणून बँक स्त्रीलिंगी झाली, असे म्हणता येईल. दुसरी वाट ध्वनिसादृश्याची. ‘रूम’ स्त्रीलिंगी म्हणून ‘लूम’ही स्त्रीलिंगी, असे कोणास वाटल्यास नवल नाही. माझ्या मते येथे अर्थाची वाट धरणे योग्य. माग पुल्लिंगी आहे, तेव्हा ‘हा पॉवरलूम’, ‘जुना पॉवरलूम’ असे लिहावे. अकारान्त पुल्लिंगी नाम अनेकवचनात बदलत नाही. एक माग, दहा माग. त्याच न्यायाने एक पॉवरलूम, दहा पॉवरलूम. ‘पॉवरलूम्स’ हा शेपटाचा सकार मराठी वाक्यात अनावश्यक आहे. आपण टेबल्सवर पुस्तके ठेवत नाही, टेबलांवर ठेवतो.

खरी परीक्षा सामान्यरूपाची. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी मराठी नाम आपले रूप बदलते. मागावर, मागाला, मागांवर. परका शब्द आपला झाला की नाही, हे ओळखण्याची ही उत्तम कसोटी आहे. ‘बूट’ हा शब्द आपण इतका आपलासा केला, की त्याचा दीर्घ ऊकारही आपल्या नियमाने ऱ्हस्व झाला. धूर-धुरात, सूर-सुरात, तसे बूट-बुटात. उलट ‘रूम’ अजून दारातच उभी आहे, म्हणून ‘रूममध्ये’, ‘रूमवर’. ‘लूम’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये आहे. नियमाने ‘लुमावर’, ‘लुमाला’ व्हायला हवे, बोलण्यात मात्र ‘लूमवर’, ‘लूमला’ हेच रुळले आहे. इतकी दशके ज्याने गाव पोसले, त्या शब्दाला मराठीने अजून सामान्यरूप देऊ नये, याचा विषाद वाटतो. त्याचे एक कारण उघड आहे. हा शब्द प्रामुख्याने उर्दू बोलणाऱ्या वस्तीत वावरला आणि लिहिणारी मराठी त्या वस्तीत क्वचितच गेली. तिने आपल्यासाठी ‘यंत्रमाग’ हा वेगळा शब्द करून घेतला आणि अहवालांत, मथळ्यांत, महामंडळांच्या नावांत तो वापरला.

सामान्यरूप न घेतल्याने एक व्यावहारिक तोटा होतो, तोही नोंदवला पाहिजे. ‘मागावर’ आणि ‘मागांवर’ यांत अनुस्वार एक की अनेक ते सांगतो. ‘लूमवर’ ते सांगत नाही. ‘तो लूमवर काम करतो’ या वाक्यात एक लूम आहे की सहा? हातमागावर एका विणकरापुढे एक माग असतो. पॉवरलूमच्या शेडमध्ये एक कामगार अनेक माग सांभाळतो. किती माग सांभाळायचे आणि त्याचा दर काय, हा या धंद्यातील कायमचा वादाचा विषय आहे. जो तपशील मजुरीच्या केंद्रस्थानी आहे, नेमका तोच आपल्या वाक्यरचनेत गळून पडतो. म्हणून सामान्यरूप घ्यायचे नसेल तर संख्या तरी लिहावी. ‘तो सहा लूमवर काम करतो’ हे वाक्य दिसायला कोरडे, पण खरे आहे.

‘यंत्रमाग’ या प्रतिशब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. काटेकोरपणे पाहता तो मूळ शब्दाचे भाषांतर नाही. पॉवर म्हणजे शक्ती, यंत्र नव्हे. हातमागही एक यंत्रच आहे. पायाने पट्टी दाबली की उभ्या धाग्यांचे दोन थर विलग होतात, मधून धोटा जातो, फणी आडवा धागा ठोकून बसवते. दोरी ओढून धोटा उडवण्याची युक्ती जॉन के याने १७३३ मध्ये काढली, तीही हातमागासाठीच. तेव्हा ‘यंत्रमाग’ या शब्दाने हातमागाला यंत्रांच्या पंगतीतून विनाकारण उठवले, असा आक्षेप कोणी घेतला तर तो तर्काला धरून होईल. पण शब्द रूढीने शुद्ध ठरतात, तर्काने नव्हे, आणि ‘यंत्रमाग’ आता पूर्णपणे रूढ आहे. माझी सूचना इतकीच, की शासकीय व वैचारिक लेखनात ‘यंत्रमाग’ आणि माणसांच्या तोंडी ‘पॉवरलूम’ वा नुसते ‘लूम’ ठेवावे. कथेतल्या मालेगावकर कामगाराच्या तोंडी ‘मी यंत्रमागावर जातो’ हे वाक्य घालणे म्हणजे त्याला शासकीय गणवेश चढवणे होय.

शब्दांची ही रांग अजून संपलेली नाही. धोट्याशिवाय चालणारे रॅपियर, एअरजेट असे वेगवान माग आल्यावर जुन्या पॉवरलूमलाही विशेषण लागले आहे. तो आता ‘साधा यंत्रमाग’ झाला आहे. माग, हातमाग, यंत्रमाग, साधा यंत्रमाग. ज्याने एकदा दुसऱ्याचे नाव बदलायला लावले, त्याचेही नाव बदलले. ‘साधा’ हे विशेषण ऐकायला निरुपद्रवी आहे, पण लँकेशायरच्या ‘हँड’ या शब्दाइतकेच ते मागे पडलेपणाची खूण आहे.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा खटाटोप केला. शाळेत आपण मध्यमपदलोपी समास शिकलो. साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात, पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. समासात मधली पदे लोपतात आणि विग्रह करताना ती परत आणावी लागतात. यंत्रमागाचा विग्रह आपण ‘यंत्राने चालणारा माग’ असा करतो आणि समाधान पावतो. पॉवरलूमचाही तसाच, ‘विजेच्या शक्तीने चालणारा माग’. परंतु साखरभाताच्या विग्रहात ‘घालून केलेला’ असे म्हणताना घालणारा, करणारा कोणीतरी गृहीत असतो. ‘चालणारा’ या शब्दात चालवणारा गृहीतही नाही. माग स्वतःच चालतो. कायद्याने मनुष्यशक्ती वगळली, ती विग्रहातही परत येत नाही.

प्रत्यक्षात साध्या यंत्रमागापुढे कामगार पाळीभर, पुष्कळ ठिकाणी बारा-बारा तास, उभा असतो. कांडी संपली की माग थांबवून धोट्यात नवी कांडी घालायची, उभा धागा तुटला की तो शोधून सांधायचा, तोवर शेजारच्या मागाकडे कान ठेवायचा. एवढ्या खडखडाटातही आवाजातला फरक ऐकून माग बिघडल्याचे ओळखता येणे, हे त्याचे कौशल्य. त्याच्यामागे कांड्या भरणारे, वहिफणी करणारे, यंत्र दुरुस्त करणारा जॉबर अशी माणसांची ओळ असते. २०१२ च्या सुमारास हातमागाची व्याख्या बदलून, विणण्याची किमान एक क्रिया माणसाच्या हस्तक्षेपाने होते असा कोणताही संमिश्र माग तीत घ्यावा, असा प्रस्ताव पुढे आला होता. हातमाग विणकरांनी त्याला विरोध केला आणि तो रास्त होता, कारण त्याने त्यांचे संरक्षण पातळ झाले असते. पण त्या वादातून एक सत्य अनवधानाने बाहेर पडले. माणसाच्या हाताची एकही क्रिया लागत नाही, असा साधा यंत्रमाग दाखवणे कठीण आहे.

माणसांसाठी आपल्याकडे शब्द नाहीत असे नाही. ‘यंत्रमागधारक’ आहे, ‘यंत्रमाग-कामगार’ आहे. इचलकरंजीकडे दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या छोट्या मालकाला ‘खर्चीवाला’ म्हणतात, असा नेमका शब्दही आहे. ‘धारक’ या एका शब्दात शेकडो मागांचा मालक आणि चार माग स्वतःच चालवणारा विणकर हे दोघे कोंबले जातात, तेव्हा कोणता धारक ते सांगणे लेखकाचे काम आहे. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटाने गावाची ओळख दूरवर पोचवली. त्यातला उडणारा नायक एरवी पॉवरलूमवर काम करणारा तरुण होता. शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून तो दिवस सिनेमाचा. बघा, मीही आत्ता ‘माग बंद असतात’ असेच लिहून गेलो. शुक्रवारी मागांना सुट्टी नसते, माणसांना असते.

तेव्हा नियम सांगायचेच झाले तर ते थोडे आहेत. पॉवरलूम जोडून लिहावा, पुल्लिंगी मानावा, त्याला इंग्रजी अनेकवचन लावू नये. सामान्यरूप घ्यायचे की नाही ते ठरवून लेखभर तेच पाळावे आणि घेतले नाही तर संख्या लिहावी. शेवटचा नियम व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. ज्या वाक्यात पॉवरलूम कर्ता झाला असेल, ते वाक्य एकदा थांबून पुन्हा वाचावे आणि चालणारा की चालवणारा, बंद पडला की बंद केला, हे स्वतःला विचारावे. विग्रह करताना लोपलेले पद परत आणणे हे समास शिकवणाऱ्याचे पहिले कर्तव्य असते. मालेगावच्या या समासात ते पद एका माणसाचे आहे आणि तो अजून मागापुढे उभा आहे.